सामाईक विहिरीतले मासे एका रात्रीत मेले. फवारणीने, की आणखी कशाने?

सुरंगी
राजापूर तालुक्यात आमची आणि चुलत्यांची मिळून एक सामाईक विहीर आहे. जांभ्यात खोदलेली, दहा फूट व्यासाची, सध्या दहाएक फूट पाणी. आजोबांनी डासांसाठी म्हणून व्हाळातले (ओढ्यातले) खवळे मासे आणि दोन मरळी आणून सोडल्या होत्या. मला आठवतंय तेव्हापासून विहिरीत डोकावलं की एक काळी पाठ वर येणार हे ठरलेलं.

गेल्या मंगळवारी चुलतभावाने आंब्याच्या कलमांवर पहिली फवारणी मारली. बुधवारी सकाळी कळशी घेऊन गेले तर खवळे सगळे उताणे. एक मरळ तिरकी होऊन गोल गोल फिरत होती, दुपारी तीही गेली. बेडूक मात्र आहेत.

भाऊ म्हणतो, "लाल त्रिकोणाचं जहाल औषध नव्हे, साधंच आहे. आणि शेवटचं कलम विहिरीपासून चाळीस पावलांवर. वाऱ्याने एवढं उडेल का?" त्याचंही पटतं. मला भांडायचं नाहीये. आधीच घरात एक बांध आणि एक फणस यांचा निकाल लागायचा आहे.

प्रश्न एवढाच, की हे फवारणीनेच झालं असेल का? पाण्याचं आता काय करायचं? आणि परत मासे सोडायचे तर कधी?

तिरफळ
मरळ इतकी वर्षं विहिरीत सुखाने राहिली, यावरून तुमचं घर शाकाहारी असावं असा संशय आहे.

सुरंगी
@तिरफळ, अजिबात नाही. पण विहिरीतला मासा खायचा नसतो, असं आजी म्हणायची. तो घरचा.

चाकरमानी७७
ब्लीचिंग पावडर टाकली असेल कोणीतरी. आमच्या गावी एकदा पाणी शुद्ध करायला म्हणून अंदाजपंचे ओतली होती, दोन तासांत विहिरीतले मासे वर. क्लोरीन थेट कल्ल्यांना जाळतो.

सुरंगी
ती फक्त पावसाळ्यात टाकतात, आणि वासही येतो. आत्ता वास नव्हता.

रानभूल
प्राणवायू कमी पडला असेल. ढगाळ हवा, पाण्यात कुजलेला पाला, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात आणि मरतात. तळ्यांत हे नेहमी होतं. उगाच फवारणीवर खापर नको.

शेवाळ
शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात चार वर्षं काढली आणि मग बँकेत लागलो. त्यामुळे हे ज्ञान वापरायची संधी दहा वर्षांनी मिळते आहे. थोडं लांबेल.

@रानभूल, प्राणवायू कमी पडला की साधारणपणे आधी मोठे मासे जातात, कारण त्यांची गरज जास्त. बारके पृष्ठभागालगतच्या पातळ थरात तग धरतात. इथे उलट झालंय, खवळे आधी गेले आणि मरळ मागून. आणि मरळ हवेतून श्वास घेणारा मासा आहे. चिखलात, ओल्या गवतात तासन्‌तास जगतो. पाण्यात प्राणवायू नाही म्हणून मरळ मेली हे पटत नाही. तिरकी होऊन गोल फिरणं ही मज्जासंस्थेची खूण आहे.

सुरंगी, दोन गोष्टी सांगा. बाटलीवर औषधाचं नाव काय आहे? आणि पाण्यावर निवळ्या आहेत का? पाण्यावरून सरसर पळतात ते किडे.

सुरंगी
भावाने बाटलीचा फोटो पाठवला. डेल्टामेथ्रीन २.८ टक्के. निवळ्या नाहीत. तुम्ही विचारल्यावरच लक्षात आलं. एरवी झुंड असते.

शेवाळ
मग जवळपास ठरलंच. मासे मेले, पाण्यावरचे किडे मेले, बेडूक राहिले, असा मेळ बसतो.

डेल्टामेथ्रीन, सायपरमेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ही सगळी पायरेथ्रॉइड घराण्यातली. मज्जातंतूच्या पेशीत सोडियम आत यायला दारं असतात, उघडतात आणि लगेच मिटतात. पायरेथ्रॉइड ती दारं मिटू देत नाहीत. त्यामुळे तंतू एकसारखा पेटलेला राहतो, आधी थरथर, मग तोल जातो, मग मृत्यू. माणसाच्या किंवा गुरांच्या शरीरात हे रसायन फोडून टाकणारी वितंचकं (एन्झाइम) भरपूर असतात. माशांमध्ये ते काम फार सावकाश चालतं. शिवाय मासा दिवसभर कल्ल्यांवरून पाणी नेत असतो, म्हणजे पाण्यातलं औषध गाळून घेण्याची गिरणीच.

डेल्टामेथ्रीनने निम्मे मासे चार दिवसांत मारायला लिटरला एक मायक्रोग्रॅमच्या आसपासची मात्रा पुरते, जातीप्रमाणे थोडी कमी-जास्त. आता तुमच्या विहिरीचा हिशोब करा. दहा फूट व्यास, दहा फूट पाणी, म्हणजे सुमारे २२ हजार लिटर. या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये २८ मिलिग्रॅम विष असतं. एक मिलिलिटर विहिरीत गेलं तर लिटरला सव्वा मायक्रोग्रॅम. बाटलीचं बूच भरायलाही एक मिलिलिटर पुरत नाही.

तिरफळ
बापरे. अर्धा चमचासुद्धा नाही.

हापूसवाला
देवगडात आमची साडेतीनशे कलमं आहेत. असे चर्चेचे धागे निघाले की शेवटी बागायतदार हाच खलनायक ठरतो, म्हणून आधीच लिहितो.

फवारणी हौसेने कोणी मारत नाही. तुडतुडे आले की ते मोहोरातला रस शोषतात आणि अंगातून चिकट पाणी टाकतात. त्यावर काळी बुरशी धरते, मोहोर गळतो, वर्ष गेलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं वेळापत्रक आहे, त्यात पहिली फवारणी याच डेल्टामेथ्रीनची, दहा लिटरला ९ मिली. पुढे लॅम्बडा, इमिडाक्लोप्रिड, थायमिथॉक्झाम असं बदलत जातं. तुमच्या भावाने शिफारशीबाहेर काहीच केलेलं नाही. आणि चाळीस पावलांवरून तुषार उडून २२ हजार लिटरमधले मासे मरतील हे मला तरी पटत नाही. नदीत औद्योगिक वसाहतींचं सांडपाणी येतं तेव्हा लाखो मासे मरतात, त्यावर धागे काढा.

शेवाळ
@हापूसवाला, तुषाराबद्दल तुमच्याशी सहमत. मलाही तो हिशोब बसत नाही. काहीतरी थेट पाण्यात गेलंय.

वाडीवरचो आबा
माका एक सांगा, व्हाळातले मासे कोणी मारल्यानी? आमी ल्हान असताना मिरगाचो पहिलो पाऊस पडलो की चढणीचे मासे येयत. भाताच्या कोपऱ्यात, बांधाच्या मोरीत, खय हात घालशात थय मळ्ये नी खवळे. शिंगटी काटो मारी तो येगळोच. रातीचा बत्ती घेवन कुर्ल्या धरूक जायचो. आता मिरगात बत्ती घेवन गेलंय तर बेडूक सोडून काय्येक गावणा नाय.

व्हाळ म्हणजे पावसात व्हाळ. माघ-फाल्गुनात त्येचे नुसते कोंडी (खोल डबकी) रवतत. सगळे मासे त्या चार कोंडींत. नी नेमके तेवाच फवारणीचे दिवस. गडी दिसभर पंप मारता नी सांजेक येवन त्याच कोंडीत पंप धुता, बारदी धुता, हात-पाय धुता. सकाळी कोंड पांढरी. ह्या म्या माझ्या डोळ्यान बगलंय.

शेवाळ
आबांना साष्टांग. मी चार परिच्छेदांत जे सांगणार होतो ते त्यांनी चार ओळींत सांगितलं.

हे इथल्या भूगोलाचं गणित आहे. पंजाबात किंवा घाटावर औषध पावसाबरोबर शेतातून वाहत जातं. आपल्याकडे आंब्याची फवारणी कोरड्या दिवसांत, पाऊस नसतो (अवकाळी सोडा). तेव्हा वाहून जाण्यापेक्षा धुण्यातून, सांडण्यातून, भरताना जाणारं जास्त. आणि पाणी तेव्हाच सगळ्यात कमी. पावसाळ्यातल्या व्हाळात जे औषध विरून गेलं असतं ते कोंडीत साठून राहतं.

हापूसवाला
पंप कोंडीत धुणं चूकच. हे मी मान्य करतो. आमचे गडी नेपाळी आहेत, त्यांना दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. आता एका कोपऱ्यात खड्डा केलाय, धुतलेलं पाणी त्यात.

केळशीकर
मुद्दाम विष टाकून मासे मारतात त्याचं काय? आमच्याकडे उन्हाळ्यात कोंडीत कीटकनाशक ओततात, वर आलेले मासे गोळा करतात आणि विकतातही. पूर्वी गेळाची फळं नाहीतर रामेठ्याचा पाला ठेचून टाकायचे.

सेंद्रियशेती
म्हणूनच म्हणतो, निसर्गाकडे परत जा! गेळ, रामेठा, कडुनिंब, सगळं नैसर्गिक. पूर्वीच्या त्या पद्धतीत मासा गुंगायचा, मरायचा नाही. निमार्क (निंबोळी अर्क) मारा, माशांना काहीही होत नाही.

शेवाळ
@सेंद्रियशेती, क्षमस्व, पण नाही. गुंगलेला मासा उचलून नेत होते, म्हणून मेला की नाही ते कोणी पाहिलं नाही. बाकीची पिल्लं तळाशी मरतच. डेरिस नावाच्या वेलीच्या मुळांतून निघणारं रोटेनोन हे झाडातलंच रसायन, आणि तळ्यातले नको असलेले मासे मारायला ते जगभर वापरतात. पायरेथ्रम शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून येतं, तेही माशांना घातक. डेल्टामेथ्रीन त्याचंच कारखान्यात बनवलेलं भावंड. निंबोळी अर्क बराच सौम्य आहे हे खरं, पण भरपूर प्रमाणात पाण्यात गेला तर माशाच्या कल्ल्यांना त्याचाही त्रास होतो.

तिरफळ
शेवंतीनेही मरतो आणि शेवंतीच्या भावंडानेही मरतो. माशाने करावं तरी काय.

चाकरमानी७७
अवांतर: डोंबिवलीच्या घरात मत्स्यपेटी आहे. मुलीने झुरळांवर फवारा मारला आणि रात्रीत सहा गप्पी गेले. दुकानदार म्हणाला पाणी बदललं नसेल. आता उलगडा झाला.

शेवाळ
हो, घरगुती फवाऱ्यांत बहुतेक पायरेथ्रॉइडच असतं. मारायचं झालं तर पेटीवर ओला कपडा घट्ट घाला आणि हवेचा पंप तासभर बंद ठेवा, नाहीतर तो खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो.

रानभूल
माझा प्राणवायूचा तर्क मागे घेतो. पण मासा न मरता नुसता आजारी पडतो का? म्हणजे अगदी थोडं औषध असेल तर?

शेवाळ
हा खरा प्रश्न. मेलेला मासा दिसतो तरी, आजारी मासा कोणाला दिसत नाही.

क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, डायमेथोएट, मॅलाथिऑन ही सेंद्रिय फॉस्फरस गटातली औषधं ॲसिटिलकोलिनइस्टरेज नावाचं वितंचक बंद पाडतात. मेंदूतलं ते किती उरलंय हे मोजून मासा औषधाच्या संपर्कात आला होता का हे प्रयोगशाळेत ओळखतात. मारक मात्रेच्या कितीतरी खाली असतानाही मासा सुस्तावतो, भक्ष्य चुकवतो, पक्ष्यापासून पळत नाही. कल्ल्यांच्या पापुद्र्यांवरची कातडी सुजते, शेजारचे पापुद्रे एकमेकांना चिकटतात, मग त्याच पाण्यात त्याला श्वास कमी पडतो. अंगावर बुळबुळीत थर वाढतो. यकृताच्या पेशींत पोकळ्या होतात, रक्तातल्या तांबड्या पेशी घटतात, ताणामुळे साखर चढते. अंडी कमी होतात. आम्ही महाविद्यालयात हे काचेच्या पट्टीवर पाहिलंय. निरोगी कल्ला फणीसारखा दिसतो, आजारी कल्ला शेणाने माखलेल्या फणीसारखा.

तिरफळ
उपमा बदला हो, जेवायला बसलोय. ताटात सुरमई आहे.

केळशीकर
इमिडाक्लोप्रिडचं काय? दुकानदार सांगतो ते माशांना सुरक्षित.

शेवाळ
थेट विषबाधेच्या हिशोबाने त्याचं खरं आहे. माशाला मारायला ते पायरेथ्रॉइडच्या हजारो पट लागतं. पण पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या मायक्रोग्रॅममध्ये मरतात, आणि मासे त्याच अळ्यांवर जगतात. जपानमधल्या शिंजी सरोवराभोवती भातशेतीत १९९३ पासून या गटातली औषधं वापरात आली. २०१९ साली तिथल्या संशोधकांनी सायन्स या नियतकालिकात मांडलं, की सरोवरातले सूक्ष्म प्राणी घटले आणि स्मेल्ट नावाच्या माशाची वर्षाची पकड २४० टनांवरून २२ टनांवर आली. विष न खाता उपाशी मेले म्हणायचं. आपलीही भातखाचरंच आहेत, आणि आबांचे चढणीचे मासे तिथेच अंडी घालायला येतात.

वाडीवरचो आबा
खोडकिड्याक दाणेदार औषध टाकतत ना भातात, ता पण बगा. टाकल्यावर कोपऱ्यात बगळो पण उतरणा नाय. बगळ्याक बरोबर कळता.

हापूसवाला
पण मग बंदी का नाही घालत सरकार? एंडोसल्फान तर बंद झालं. काजूच्या ढेकण्यावर वडील तेच मारायचे.

केळशीकर
एंडोसल्फान १३ मे २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं, तेही कासरगोडच्या काजूबागांवर हेलिकॉप्टरने वर्षानुवर्षं फवारून माणसं आजारी पडली म्हणून. माशांसाठी कोणी न्यायालयात गेलं नव्हतं, मासे आयते वाचले. मे २०२० मध्ये केंद्राने २७ औषधांवर बंदीचा मसुदा काढला होता. त्यात क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस आणि आपलं डेल्टामेथ्रीनसुद्धा होतं. मसुद्याचं पुढे काय होतं ते आपल्याला ठाऊक आहेच. दुकानात जाऊन बघा.

चाकरमानी७७
आणि तो त्रिकोण? लाल नाही म्हणजे सुरक्षित ना?

शेवाळ
अरे हो, तो मुद्दा राहिलाच. बाटलीवरचा त्रिकोण ठरतो तो प्रयोगशाळेतल्या उंदराच्या पोटात किंवा कातडीवर किती औषध गेलं की तो मरतो यावर. लाल, पिवळा, निळा, हिरवा अशी उतरती भाजणी. तो फवारणाऱ्या माणसासाठी आहे. माशाला उंदराचा त्रिकोण लागू नाही. माशांबद्दलचं वाक्य आतल्या घडीपत्रकात असतं, बारीक अक्षरात, आणि ते घडीपत्रक बाटली उघडल्यावर पहिलं फेकलं जातं.

कातळशिल्प
वाचनमात्र होतो, आता राहवत नाही. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळ एका रासायनिक गोदामाला आग लागली. आग विझवायच्या पाण्याबरोबर टनावारी कीटकनाशकं ऱ्हाइन नदीत गेली आणि सुमारे दीड लाख वामी मेल्या. वाम तळाच्या चिखलात राहते, म्हणून तिला जास्त लागलं असावं. हे लिहायचं कारण, की पायरेथ्रॉइडही चिखलाला चिकटतात. सुरंगी, पाणी उपसून भागणार नाही, गाळही काढा.

आता माझा प्रश्न. मी मोटारी दुरुस्त करतो, मासे नाही. भाऊ फवारणीचं पाणी कुठून घेतो?

सुरंगी
त्याच विहिरीतून. मोटर लावून पाइपने दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये.

कातळशिल्प
मोटर सुरू करताना दर वेळी वरून पाणी ओतावं लागतं का?

सुरंगी
हो! गेलं वर्षभर. काकू रोज कुरकुरते.

कातळशिल्प
म्हणजे फूटव्हॉल्व्ह गळतो, पाइपच्या विहिरीतल्या टोकाची ती झडप, जी पाणी परत खाली उतरू देत नाही. मोटर बंद झाली की पाइपातलं पाणी विहिरीत उतरतं. त्या वेळी पाइपचं दुसरं टोक बॅरलच्या औषधात बुडालेलं असेल तर बॅरलसुद्धा उलटं खेचलं जातं, टोक उघडं पडेपर्यंत. भावाला विचारा, त्या दिवशी बॅरल भरताना लाइट गेली होती का?

शेवाळ
दोनशे लिटरला १८० मिली औषध. त्यातलं दहा लिटर जरी उलटं गेलं तरी ९ मिली, म्हणजे लिटरला साडेअकरा मायक्रोग्रॅम. कातळशिल्प, तुम्ही महाविद्यालयात असता तर आमचे सर बँकेत गेले असते.

तिरफळ
हसून हसून पुरेवाट. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सुरंगी, लवकर विचारा.

सुरंगी (चार दिवसांनी)
उशीर झाला, क्षमस्व. थेट विचारलं असतं तर बांध आणि फणसात विहिरीची भर पडली असती. म्हणून काकूला मध्ये घातलं.

लाइट गेली होती. सकाळी साडेनऊला. भावाने आधी औषध टाकलं होतं आणि वरून पाणी सोडलं होतं, ढवळायला बरं पडतं म्हणून. पाइप पार तळाशी. लाइट गेल्यावर तो चहाला गेला, परत आला तेव्हा बॅरल "जरा कमी" दिसलं. त्याला वाटलं बॅरल गळतंय. त्याने बॅरल बदललं.

हा धागा मी त्याला वाचून दाखवला. आबांच्या कोंडीपाशी गप्प झाला. म्हणाला, "मरळ मीच लहानपणी भाकरी टाकून वर आणायचो." मग स्वतःच मोटर लावली.

विहीर दोनदा उपसली. पाणी व्हाळाकडे न सोडता वरच्या कातळावरच्या जुन्या चिरेखाणीत सोडलं. गाळ बैलगाडीभर निघाला, तोही तिथेच. नवा फूटव्हॉल्व्ह बसवला. बॅरलच्या काठावर एक काठी आडवी बांधून पाइप तिच्यावर टांगला आहे, टोक पाण्याच्या वर वीतभर. प्यायला आम्ही नळाचं वापरतो, विहिरीचं पाणी तपासून येईपर्यंत तेच चालू राहील.

मासे कधी सोडू ते सांगा.

शेवाळ
वा! नमुना काचेच्या बाटलीत घ्या, प्लॅस्टिकला हे औषध चिकटतं आणि अहवाल खोटाच चांगला येतो. बाटली कागदात गुंडाळून बर्फात न्या. मासे सोडायच्या आधी बारीक जाळीच्या टोपलीत चार-पाच खवळे आणि थोडे झिंगे घालून विहिरीत लोंबत ठेवा. झिंगे माशांच्याही आधी मरतात. आठवडाभर सगळे जगले तर सोडा.

हापूसवाला
माझ्या तिन्ही बॅरलचे पाइप आज सकाळी बघितले. तिन्ही बुडालेले. काठ्या बांधल्या.

वाडीवरचो आबा
सुरंगी, मरळ होयी असात तर सांग. आमच्या वरच्या कोंडीत एक जोडी हा. पण मिरगापर्यंत थांब, आता धरूची नाय.

तिरफळ
आणि फणसाचं काय ठरलं?

सुरंगी
फणस यंदा अर्धा-अर्धा. बांध अजून तिथेच आहे.